मेंढरं बुजली नव्हती

गोजरबाईने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "साहेब, ती मेंढरं बुजली न्हवती." इंद्रजितने मान वर केली. बारामतीतल्या त्या सभागृहाच्या मागच्या खोलीत तो सत्काराच्या शालीसकट बसला होता आणि समोर नारळ, गुच्छ आणि काचेचं एक सन्मानचिन्ह पडलं होतं. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब अजून माईक सोडायला तयार नव्हते. आपल्या भागाच्या मातीने भयपटाला चेहरा दिला, असं काहीतरी ते तिसऱ्यांदा सांगत होते आणि पणदरे-सांगवीहून गाड्या करून आलेली माणसं तिसऱ्यांदा टाळ्या वाजवत होती. यांतल्या निम्म्यांनी आपला एकही सिनेमा पाहिलेला नसणार आणि उरलेल्यांनी मोबाईलवर, जेवता जेवता पाहिला असणार, याची इंद्रजितला खात्री होती. त्याला माणसांचा एकूणच तिटकारा होता आणि आपल्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या माणसांचा अंमळ जास्त. ही चहावाली बाई आता फोटो मागेल, या हिशेबाने त्याने चेहरा आधीच तयार करून ठेवला होता. पण तिने फोटो मागितला नाही. ती तशीच उभी राहिली. "मग काय झालं होतं मेंढरांना?" त्याने मुलाखतीतल्या आवाजात विचारलं. "आली हुती," गोजरबाई म्हणाली. "हाकेला आली हुती. बुजलेलं मेंढरू लांब पळतंय साहेब, आन् ही तर पडद्याकडं चालली हुती. मी तितंच हुते जत्रंत, बांगड्यांच्या दुकानाम्होरं. तुमी सांगताय त्ये उलटं हाय." एवढं बोलून तिने रिकामे कप गोळा केले आणि ती गेली. जाताना दार लावून घ्यायलासुद्धा विसरली नाही.

दहा मिनिटांपूर्वी स्टेजवर त्याने सांगितलेला किस्सा त्याच्या ठेवणीतला होता. अठरा वर्षं तो प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक महोत्सवात, टीव्हीच्या प्रत्येक सोफ्यावर सांगत आला होता. 'पाचटातली बाई' हा त्याचा पहिला सिनेमा इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत तंबूत लागला होता. उसाच्या पाचटात उभी असलेली ती बाई पहिल्यांदा आवाज काढते त्या जागी तंबूतली माणसं किंचाळलीच, पण शेजारच्या रानात बसवलेला एक कळपच्या कळप त्या आवाजाने बुजला, वाघरीची जाळी तोडून सुसाट सुटला आणि रस्त्यावर उसाच्या ट्रकखाली गेला. इथे तो थोडा थांबायचा. मग म्हणायचा, "समीक्षकांना काय कळायचं ते कळो, माझा सिनेमा मेंढरांना कळला." लोक हसायचे. आजही हसले. आणि मग त्या आवाजाबद्दल कुणीतरी विचारायचंच. त्यावर तो आपलं गंभीर तोंड काढून सांगायचा की आगगाडीची शिट्टी, घुबड, सारंगी आणि तान्ह्या मुलाचं रडणं असे एक्केचाळीस थर एकावर एक चढवून तो बनवलाय. तरुण पोरं ते वह्यांत लिहून घ्यायची. ती लिहून घेताना त्यांच्या वाकलेल्या मानांकडे बघत त्याला वाटायचं, या देशात माणसाला फसवायला अक्कल लागत नाही, नुसता आकडा लागतो.

थर एकही नव्हता. तो आवाज त्याच्या थोरल्या बहिणीचा, म्हाळसाआक्काचा होता. मेंढरं माघारी बोलवायची तिची हाक, जशीच्या तशी, वर थोडा घुमारा दिलेला. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं असं तो समजत होता. तो स्वतः आणि ज्या ध्वनिमुद्रकाने घुमारा दिला तो, आणि ध्वनिमुद्रक सहा वर्षांपूर्वी पिऊन पिऊन मेला होता. तिसरं कुणी होतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मेंढरांना माहीत होतं.

बापूसाहेबांच्या जेवणाला त्याने डोकं दुखतंय म्हणून नकार दिला आणि एकटाच गाडी काढून वालचंदनगरच्या रस्त्याला लागला. तसाही तो सत्काराला आलाच नव्हता. सत्कार हे निमित्त होतं. 'पाचटातली बाई' नव्याने करायची होती, मोठ्या पडद्यासाठी, नव्या यंत्रणेवर, आणि निर्माता दीपकने एकच अट घातली होती की आवाज तोच पाहिजे. मूळ टेप घर बदलताना बुरशीने खाल्ली होती आणि सिनेमातल्या आवाजावर संगीत असं बसलं होतं की ते खरवडून निघेना. मुंबईत त्याने बावीस बायकांकडून तो आवाज काढवून पाहिला. नाटकातल्या, गाण्यातल्या, जाहिरातींतल्या बायका काचेपलीकडे उभ्या राहून घसा ताणायच्या आणि त्याला हसू यायचं. सगळ्या भीती घालायला बघत होत्या. सोमवारपर्यंत आवाज मिळाला नाही तर सिनेमा स्वरूपाला द्यायचा, असं दीपकने सरळ सांगून टाकलं होतं. स्वरूपाचे दोन भयपट आले होते आणि त्यांत भूत शेवटपर्यंत दिसतच नाही. तिला ते दाखवता येत नाही म्हणून दिसत नाही, हे उघड होतं, पण लोक त्याला संयम म्हणत होते. पन्नाशी उलटलेल्या, लागोपाठ चार सिनेमे आपटलेल्या माणसाला त्यानंतर कुणी उभं करत नाही, हे इंद्रजितला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याने स्वतः असल्या माणसांचे फोन घेणं कधीच सोडलं होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कालवा, मधूनच दुधाच्या डेअरीची पाटी. बुजली नव्हती म्हणे. एका चहा देणाऱ्या बाईला मेंढरांच्या मनातलं काय कळतं, असं त्याने स्वतःला विचारलं आणि लगेच त्याचं त्यालाच उत्तर मिळालं की तिला कळतं. त्यालाही कळत होतं. बुजलेला कळप चारी वाटांना फुटतो. एकाच दिशेला, एका ओळीत, रस्ता ओलांडून जात नाही. हे तो सहा वर्षांचा असल्यापासून जाणत होता आणि तरी अठरा वर्षं त्याने तो किस्सा सांगितला होता, एकदाही न अडखळता. वितरकाने फोनवर हसत हसत सांगितलेली गोष्ट त्याने तशीच उचलली, कारण ती चांगली होती. पटकथा लिहिणाऱ्याला चांगल्या गोष्टीची उलटतपासणी करायची सवय नसते. पण आता स्टिअरिंगवर हात ठेवून तो नको असताना पुढचं पाऊल टाकत होता. मेंढरं हाकेला आली. हाक म्हाळसाची. कुठलंही मेंढरू कुणाच्याही हाकेला येत नाही, आपल्या माणसाच्याच येतं. म्हणजे. या 'म्हणजे'पाशी त्याने रेडिओ लावला. रेडिओवर कुणी बाई केसगळतीवर उपाय सांगत होती. ते त्याने बराच वेळ मन लावून ऐकलं.

वालचंदनगरच्या कंपनीची क्वार्टर्स दिसली तसा त्याच्या नाकाने आपणहून श्वास आखडून घेतला. इथल्या शाळेत तो पाचवीपासून होता. तेव्हा तो इंद्रजित नव्हता, म्हस्कू होता. वडील आणि म्हाळसा मेंढरं घेऊन कोकणात उतरायची आणि त्याला मात्र इथे एका लांबच्या नातेवाइकाकडे शिकायला ठेवला होता. क्वार्टर्समधली, इंजिनिअरांची, केमिस्टांची पोरं त्याच्या बाकावर बसत नसत. नाकाला रुमाल लावत. लोकरीचा वास साबणाने जात नाही, हे तो आठवड्यातून तीनदा अंग घासून शिकला. मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत, त्याने त्यांना एक गोष्ट सांगितली. कारखान्यामागच्या चिंचेखाली जी बाई बसते तिची. बाई त्याने तिथल्या तिथे बनवली होती. त्या संध्याकाळी तीच पोरं एकमेकांचे शर्ट धरून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी दोघं जण त्याच्या बाकावर येऊन बसले, पुढं काय झालं ते ऐकायला. वास तोच होता. म्हस्कूच्या पोटात तेव्हा जे गार आणि गोड काहीतरी उतरलं, त्याच्यावर त्याची सगळी कारकीर्द उभी राहिली. मुंबई, टीव्हीवरच्या भुतांच्या मालिकेचे शंभर भाग, दुसऱ्यांच्या नावावर लिहिलेल्या पटकथा, मग स्वतःचे सिनेमे. लोक म्हणतात याला भीतीचं शास्त्र कळतं. कसलं शास्त्र? नाकाला रुमाल लावणारी माणसं घाबरून जवळ सरकतात, एवढंच त्याला कळलं होतं, आणि जवळ सरकलेल्या माणसांचा त्याला त्याहून जास्त राग यायचा.

तो स्वतः कशालाच भीत नसे. अगदी लहानपणी तेवढा तो घाबरल्याचं त्याला आठवत होतं. चालता येऊ लागण्याआधी त्याला कोकरांबरोबर घोड्यावरच्या झोळीत घालून नेत, आणि चालता येऊ लागल्यावर तो कोकरांमागे भटकायचा. एकदा तो घाणेरीच्या जाळ्यांत चुकला. दिवस मावळायला आला होता. मग लांबून म्हाळसाची हाक आली. ती मेंढरांना मारलेली होती की त्याला, हे त्याला कधीच कळलं नाही, कारण दोघांना हाक एकच होती. आधी जीभ थरथरवून काढलेला एक बारीक सूर, मग तो उघडत उघडत लांब जायचा आणि शेवटी वर उचलून अर्धाच सोडून द्यायचा. शब्द नव्हता त्यात. सगळा कळप मान वर करून वळला आणि त्यांच्याबरोबर तोही. सिनेमा लिहिताना भुताला आवाज कुठला द्यावा हे सुचेना तेव्हा त्याला ही हाक आठवली, आणि आठवताच त्याच्यातला धंदेवाईक माणूस म्हणाला, अनोळखी कानाला ही कवटीत शिरेल. तो रेकॉर्डर घेऊन आला. "आक्का, कॉलेजात दाखवायचंय," असं त्याने सांगितलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. एकतीस वर्षांचा माणूस कुठल्या कॉलेजात जातो, हे तिने विचारलं नाही, आणि न विचारणाऱ्या माणसाला फसवण्यात काही पाप नाही असं त्याने परत जाताना एस.टी.त ठरवून टाकलं.

म्हाळसाचं घर आता स्लॅबचं होतं. दारात दोन जर्सी गाई, दुधाचे कॅन, मागे ऊस. दाजींच्या मातीला येऊन गेल्याला नऊ वर्षं झाली होती. सून वैष्णवीने पाणी दिलं, मामांचा तो एक सिनेमा आपण माहेरी पाहिला असं लाजत सांगितलं आणि कसा वाटला हे मात्र सांगितलं नाही. म्हाळसा गोठ्याकडून आली. सत्तरीच्या आत-बाहेर, पाठीत किंचित वाकलेली, कपाळावर तेच मोठं कुंकवाएवढं गोंदण. "म्हस्कू," ती म्हणाली, "किती वाळलायस रं." त्याला म्हस्कू म्हणणारं आता जगात हेच एक तोंड उरलं होतं. त्याने इकडचं तिकडचं विचारलं. यशराज, तिचा मुलगा, दूध घालायला गेला होता. गुडघे दुखतात. ऊस तुटला की बरं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्याने पिशवीतून माईक काढला. वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून त्यावर केसाळ आवरण होतं. पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळी ते पाहून म्हाळसा खदखदून हसली होती आणि ह्यो काय, कोकरू आणलंयस का म्हणाली होती. आज ती हसली नाही.

"हाक पायजे व्हय परत?"

"तुला कसं कळलं?"

"दुसऱ्या कशाला येशील तू."

खरंच होतं, आणि खरं असल्यामुळे त्याचा राग उसळला. मेंढरांचं विचारायचं नाही असं त्याने सगळ्या रस्त्यात ठरवलं होतं, आणि नेमकं तेच तोंडातून बाहेर पडलं. "आक्का, जत्रेतली ती मेंढरं," तो म्हणाला. "तुझी होती?"

म्हाळसाच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. रागाचं त्याला काहीतरी करता आलं असतं. तिला नवल वाटलं होतं. "म्हंजे तुला ठावं न्हवतं?" ती म्हणाली. "टीव्हीवर तू हसून सांगितलंस की. दोन-तीन बारी बघितला म्या तुला. मला वाटलं, ह्याला ठावं हाय." तिने ओट्यावर बसकण मारली. "चौदा गेली. कोकणात जायाचं थांबलं हुतं तवा, लोकांच्या रानात खतासाटनं मेंढरं बसवायचो आमी. दिस बुडाया लागला हुता, तंबूत खेळ चाललेला. मी भाकरी बांधून घेत हुते, आन् तितनं माझी हाक आली. माझी मला. अंगावर काटाच आला बघ. मेंढरांनी माना वर केल्या. उठली आन् चालली रस्त्याकडं. मी हितनं हाका मारल्या. घसा फुटस्तोवर मारल्या म्हस्कू. पन हितनं बी मीच आन् तितनं बी मीच. तितली मोठी हुती. तिकडं गेली ती."

गाय मान हलवून माशा झाडत होती. इंद्रजितच्या डोक्यात, त्याने बोलावलेलं नसताना, एक चौकट तयार झाली. संध्याकाळचं रान, पाठमोरी बाई, तोंड उघडं, हाक देतेय, आणि तिचाच आवाज दुसरीकडून तिच्यावर मात करतोय. मेंढरं तिच्या अंगावरून पाणी वाहावं तशी निघून चाललीयत. वीस वर्षांत त्याला एवढी चांगली जागा सुचली नव्हती. हे तोंडावर पाणी मारल्यासारखं त्याच्या लक्षात आलं आणि पहिल्यांदाच त्याला सगळ्या सभागृहांबद्दल, सगळ्या टाळ्यांबद्दल, त्या वह्या घेऊन वाकलेल्या पोरांबद्दल जे वाटायचं ते जसंच्या तसं स्वतःबद्दल वाटलं. किळस. ती त्याला इतकी ओळखीची होती की बदललेल्या जागीही ती मुक्कामाला आल्यासारखी आरामात बसली. "मला सांगायचं नाहीस का आक्का," तो म्हणाला, आणि या वाक्यातला सगळा दोष तिच्याकडे सरकवलेला त्यालाच ऐकू आला. "काय सांगू," म्हाळसा म्हणाली. "उरलेली म्या बाजारात दिली. मी हाक मारली की माना वर करायची आन् उभीच ऱ्हायची. कुठल्या म्हाळसाकडं जायाचं, कळंना त्यास्नी."

आता उठून निघून जाणं शोभलं असतं. सिनेमात त्याने तेच लिहिलं असतं, पात्र माईक पिशवीत घालतं आणि पाया पडून जातं, आणि मग ते लिहिणाऱ्या स्वतःवर तो थुंकला असता. त्याला सोमवार आठवत होता. स्वरूपा आठवत होती. "आक्का," तो म्हणाला, "एकदाच मारशील? शेवटची." वैष्णवी दारात उभी होती. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने नजर वळवली. म्हाळसाने मात्र गुडघ्यावर हात टेकले आणि ती उठली. "घे. मला ठेवून काय करायची हाय," ती म्हणाली. उसाच्या कडेला, जिथून पलीकडची तुटलेली रिकामी रानं दिसतात तिथे ती पाठमोरी उभी राहिली आणि वळून म्हणाली, "लांब ऱ्हा. मागच्या बारीला लई जवळ धरला हुतास."

त्याने कानांवर हेडफोन चढवले आणि रेकॉर्डरचं लाल बटण दाबलं. गाईचं रवंथ, कालव्यावरची कुठली मोटर, वाऱ्याने घासणारी उसाची पानं. मग हाक आली. आधीचा तो थरथरता सूर, मग उघडणं. आवाज म्हातारा झाला होता. वर चढताना एका जागी फाटत होता आणि तरी तोच होता. इंद्रजितची नजर रेकॉर्डरच्या काट्यावर होती. फाटतोय तिथे जास्त लागतो, त्याला वाटलं, आधीपेक्षा हा बरा, दीपक नाचेल. हा विचार त्याने नीट, शेवटपर्यंत केला, आणि हाक शेवटाला वर उचलली जात असताना हेडफोनमध्ये अगदी जवळून कुणा पुरुषाचा आवाज आला: "ओऽ."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हरामखोर बोलला? त्याने सर्रकन वळून पाहिलं. यशराज आला असेल, कुणी शेजारी असेल, यांना दोन मिनिटं तोंड आवरत नाही. मागे कुणी नव्हतं. लांब दारात वैष्णवी तोंडाला पदर लावून उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती. मग त्याला दिसलं की तो जिथे उभा होता तिथे तो नाही. माईक हातात धरून तो पंधरा-वीस पावलं चालून आला होता आणि म्हाळसाच्या पाठीपासून हातभर अंतरावर पोचला होता. त्याचा घसा आतून उघडा पडल्यासारखा गार झाला होता.

म्हाळसा वळली. "आलास व्हय," ती म्हणाली.

"आक्का, हा वाया गेला. परत एकदा मार."

"परत कुणाला मारू? आलास की." आणि धारेची वेळ झाली म्हणून ती बादली घ्यायला गोठ्याकडे गेली.

त्याने तिथेच उभं राहून ते मागे नेऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. हाक सर्वांत वर जाते बरोबर तिथेच तिच्यावर त्याची स्वतःचीच 'ओ' बसली होती. घाईची, थोडी रडवेली, सापडलेल्या पोराने द्यावी तशी. एक्केचाळीस थरांच्या गोष्टी सांगत त्याने जन्म काढला होता. इथे दोनच होते आणि जगातला कुठलाही ध्वनिमुद्रक ते एकमेकांपासून सोडवू शकला नसता. खिशात दीपकचा फोन वाजला, थांबला, परत वाजू लागला. इंद्रजितने तो घेतला नाही. गोठ्यात बादलीत पहिली धार पडली तेव्हा रेकॉर्डरचा लाल दिवा विझलेला होता आणि तो अजून हेडफोन कानांवर तसेच ठेवून, तुटलेल्या रानाकडे तोंड करून उभा होता.